दोरावर बोलायचं नाही

आमच्या सूर्यमाळच्या कड्यांना आग्या मोहोळं लागतात. खालून पाहिली तर काळ्या सुपांसारखी दिसतात, आणि शहाण्याने ती खालूनच पाहावीत. मध काढायचा तर कड्याच्या माथ्यावरून दोर सोडून उतरावं लागतं. हातात ओल्या पाल्याचा धुमसता जुडगा, कमरेला मध भरायचा वाळका भोपळा, पाय अनवाणी. हा दोर केवणीच्या झुडपाच्या सालीचा. तो उतरणाऱ्याच्या बायकोने वळायचा आणि बायकोच्या भावाने धरायचा, अशी आमच्यात रीत. भाऊ मेव्हण्यावर कितीही चिडलेला असला तरी बहिणीचं कुंकू पुसायला तयार होणार नाही, हा त्यामागचा हिशोब. दुसऱ्या कोणाच्या चांगुलपणावर जीव टांगायला आमचे लोक खुळे नव्हते.

दुसरी रीत अशी की दोरावर बोलायचं नाही. एक तर माणसाच्या आवाजाने माशा उठतात. शिवाय दोरावर ज्याने तोंड उघडलं तो वर आला नाही, असं आमच्यात लहानपणापासून कानावर घालतात. जे सांगायचं ते दोराने सांगायचं. एक हिसका दिला की सैल सोड. दोन दिले की थांब. आणि बारीक बारीक, लागोपाठ, हात थरथरावा तसे हिसके येऊ लागले की काम झालं, वर घे. वरचा माणूस झाडाला दोराचा वेढा देऊन, कड्याकडे पाठ करून बसतो. खाली डोकावत नाही. डोळे बघायला लागले की हात ऐकायचे थांबतात, असं रघु म्हणायचा.

रघु दोर धरायचा आणि पुंजा उतरायचा. कमू ही रघुची धाकटी बहीण, पुंजाची बायको. दोघे मेव्हणे लहानपणी एकत्र गुरं राखलेले, त्यामुळे एकमेकांना नावाने हाक मारायचे आणि एरवी दिवसभर एकमेकांची टर उडवायचे. कड्यावर मात्र दोघांत शब्द नसायचा. पुंजा खाली धुरात दिसेनासा व्हायचा आणि रघु झाडाला टेकून डोळे मिटून बसायचा. पाहणाऱ्याला वाटावं, हा झोपला.

संस्थानाच्या काळात मधाचे भोपळे आणि मेण जव्हारला पोचवलं की वर्षभर कोणी विचारत नसे. मग संस्थान विलीन झालं, जव्हार ठाणे जिल्ह्यात गेलं. चांगलं झालं असेल. शाळा आली, मोखाड्याला डॉक्टर बसू लागला, मी काही कृतघ्न नाही. पण जंगलाचे नवे नियमही आले, आणि पुढच्या हंगामापासून कड्यांवरचा मध ठेक्याने जाणार, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. आमच्याकडे नागलीचं शेत होईल तेवढं होतं, उन्हाळ्यात पाणी आणायला बायका अर्धा दिवस चालायच्या. कडा गेला तर पुंजाला खाली ठाण्याकडे मजुरीला जाण्यावाचून गत नव्हती. आणि पुंजाला सपाटीवर चालता येत नसे, असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. त्यात चेष्टा कमी होती.

अशात बिवलकर आले. मुंबईचे, चष्मा लावणारे, एका गिर्यारोहण मंडळाचे प्रमुख. त्यांची बहीण जव्हारला दिलेली, म्हणून दिवाळीला यायचे. एव्हरेस्ट सर झाल्यापासून मुंबईतल्या काही लोकांना डोंगरांचं वेड लागलं होतं, त्यातले हे एक. फिरत फिरत सूर्यमाळला चढले आणि त्यांनी पुंजाला कडा उतरताना पाहिलं. पुंजा वर आल्यावर त्यांनी त्याचे तळपाय उलटेसुलटे करून बघितले, बैलाचे दात बघावेत तसे. मग म्हणाले, आम्ही पुढच्या वर्षी गढवालात एका शिखरावर जाणार आहोत, तू चल.

पुंजाने विचारलं, तिथे मध आहे का. बिवलकर हसले. तिथे बर्फाशिवाय काही नाही, म्हणाले. मग कशाला जायचं, हा पुंजाचा पुढचा प्रश्न. शिखर आहे म्हणून, वगैरे बिवलकर काहीतरी बोलले. पण माणूस वाईट नव्हता. त्याने चौकशी केली आणि कड्याचं दुखणं त्याला कळलं. आपली ओळख आहे, शब्द टाकतो, हा कडा तुझ्याकडेच राहील असं बघतो, म्हणाला. तेव्हा पुंजा तयार झाला. स्वतःचा कडा राहावा म्हणून तो दुसऱ्याच्या डोंगरावर निघाला, एवढं लक्षात ठेवा. नाव कमवायला तो गेला नव्हता.

दोन दिवसांनी कमू म्हणाली, "दोर दादाच्या हातात असंल तर जा."

रघुला डोंगर, बर्फ, मुंबई यातलं काहीच नको होतं. पण बहिणीने असं म्हटल्यावर त्याला घरी बसणं शक्य नव्हतं. बिवलकरांनी त्याला सामान उचलायला म्हणून घेतलं. कमूने केवणीची साल कुजवून, धुऊन, मांडीवर वळून नवा दोर केला. तिच्या मांडीची कातडी सोलवटली होती. दोर तिने रघुच्या हातात दिला, पुंजाच्या नाही. खोडाळ्यावरून चालत त्यांनी कसारा गाठला आणि रेल्वेत बसले.

मुंबईला मंडळाच्या खोलीत तो दोर पाहून सगळे हसले. द्वाडपणाने नव्हे, कौतुकानेच, पण हसले. त्यांचा दोर नायलॉनचा होता, पांढरा, गुळगुळीत, हलका. रघुने तो हातात धरून पुंजाला दुसरं टोक ओढायला सांगितलं. पुंजाने हिसका दिला. दोर रबरासारखा ताणला आणि अर्धा हिसका स्वतःच खाऊन बसला. रघु म्हणाला, हा मुका दोर आहे. सबनीस नावाचा एक तरुण होता, कॉलेज नुकतंच संपवलेला, चांगल्या मनाचा. त्याने समजावलं की या दोराला बैलगाडी टांगली तरी तुटणार नाही. तुटणार नाही, हे रघुनेही मान्य केलं. तो तुटण्याबद्दल बोलतच नव्हता.

पुढचं सगळं मला रघुने सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, पुष्कळ वर्षांनी. त्या मुलखात झाडं मागे पडली, मग झुडपं, मग गवतही. नदी गोठून दरीत आडवी पडलेली, तिच्यावरून चालायचं. वरून दिसायला सपाट, आणि आत माणूस गिळणाऱ्या भेगा, वरून बर्फाने सारवलेल्या. म्हणून सगळ्यांनी एकाच दोरात बांधून घ्यायचं. रघुला हे पटलं नाही. दोर झाडाला असतो, माणसाला माणूस बांधून काय होणार, एक गेला की सगळे जाणार. पण झाड तिथे एकही नव्हतं.

बिवलकरांनी नियम सांगितले. बूट काढायचे नाहीत, बोटं काळी पडून गळतात. पाणी पीत राहायचं. वर उंचीवर हवा पातळ होते, डोकं ठणकतं, माणूस भलतंसलतं बडबडतो, तेव्हा त्याच्या बोलण्याकडे लक्ष न देता त्याला खाली न्यायचं. आणि बर्फाच्या उतारांखाली ओरडायचं नाही, आवाजाने कडा सुटून अंगावर येतो. हे शेवटचं ऐकून पुंजाने रघुला कोपराने ढोसलं. इथला देवही आपल्यासारखाच आहे, म्हणाला. त्या एका नियमाने त्याला तो परका डोंगर थोडा ओळखीचा वाटला. रघु म्हणायचा, तो नियम सांगितलाच नसता तर बरं झालं असतं.

पहिल्या तंबूपर्यंत ठीक चाललं. दुसऱ्या तंबूत रघु आडवा झाला. डोकं फुटायला आलं, पोटात पाणी ठरेना, श्वास घेतला तरी छाती रिकामीच. त्याला माशांचा आवाज ऐकू येऊ लागला. रात्रभर तो आग्या माशा तंबूत शिरल्या म्हणून हात झाडत राहिला. बिवलकरांनी त्याला तपासलं आणि सांगितलं की याला वर नेता येणार नाही, उद्या माणूस मोकळा झाला की खाली उतरवू. रघुने रीतीचं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. पण ते बोलणं माशांच्या बडबडीत मिसळून गेलं.

वर एक खडकाची भिंत होती. ती पुंजाशिवाय कोणाला जमणार नव्हती. पुंजा सकाळी रघुपाशी येऊन बसला. रघुने दोन्ही हात पुढे केले. ते कापत होते, पाण्याची वाटीही त्यांत राहत नव्हती.

"माझे हात बघ," रघु म्हणाला. "आथा मी नाय धरू शकत."

"मंग सबनीस धरील," पुंजा म्हणाला. "दोर तरी कुठं आपला आहे?"

कमूने वळलेला दोर रघुच्या उशाला होता. पुंजाने त्याच्यावर हात ठेवला, मग बाहेर जाऊन पांढऱ्या दोरात बांधून घेतलं. बिवलकर, पुंजा आणि सबनीस, असे तिघे वर गेले.

संध्याकाळी दोघे परत आले.

सबनीसच्या भुवयांवर बर्फ होता आणि तो लहान मुलासारखा रडत होता. झालं ते त्यानेच सांगितलं. भिंत पुंजाने चढली होती, शिखर तिथून दिसत होतं, पण वारं सुटलं म्हणून बिवलकरांनी माघार घेतली. उतरताना पुंजा पुढे होता. पायाखालचं बर्फ फुटलं आणि तो भेगेत गेला. सबनीसने दोर धरला. धरला तो सोडला नाही, त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. पण भेगेच्या काठाच्या मऊ बर्फात दोर खोल रुतून बसला, दोघांनी जीव काढला तरी वीतभर वर येईना. काठावर पालथं पडून त्यांनी आत पाहिलं, खाली अंधार. मग हाका मारायला सुरुवात केली. आवाजाने वरचा उतार सुटेल ही भीती बाजूला ठेवून, घसा फाटेपर्यंत. पुंजा, पुंजा. खालून एक शब्द आला नाही. नुसतं हूंसुद्धा नाही. डोकं आपटून जागीच गेला असणार. अंधार पडायला आला, वारं वाढलं, बोटं बधिर झाली. शेवटी कुदळ बर्फात ठोकून तिला दोर बांधला आणि ते उतरले.

"काहीच हालचाल नव्हती," सबनीस म्हणाला. "फक्त दोर तेवढा वाऱ्याने थरथरत होता."

रघु उठून बसला. कसा थरथरत होता, म्हणून त्याने विचारलं. सबनीसला प्रश्न कळला नाही. रघुने पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने सोललेल्या हाताने हवेत करून दाखवलं. बारीक बारीक. लागोपाठ.

रघुने बूट पायात ओढले आणि तो तंबूच्या तोंडाकडे सरपटला. तो जित्ता आहे, वर घे म्हणून सांगतोय, तो बोलणार नाही, दोरावर कोणी बोलत नाही, असं सगळं तो एका दमात सांगत होता. बिवलकरांनी त्याला खांद्याला धरून खाली दाबलं. त्यांचा काय दोष काढावा? आदल्या रात्री हाच माणूस तंबूत माशा आहेत म्हणत होता. उंचीवर माणूस भलतंसलतं बडबडतो, त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही. नियमच होता तसा. सबनीसने त्याचे पाय धरले. रघु दोघांना ओढत बाहेर गेलाही, चार पावलांवर छाती बंद पडली आणि तो तोंडावर पडला. तोवर वादळ सुरू झालं होतं. दोन माणसांतला दोर दिसत नव्हता, तर भेग कुठली दिसणार.

वादळ निवळल्यावर बिवलकर स्वतः वर जाऊन आले. कुदळ नाही, दोर नाही, भेगही नाही. सगळीकडे सारखं पांढरं.

मला त्या लोकांचा राग येतो. आणि राग कोणावर काढावा हे कळत नाही म्हणून तो आणखी येतो. सबनीसने दोर सोडला नाही. बिवलकर भित्रे नव्हते. एक शब्द, आमच्यातल्या कोणीही शेळीला मारतो तशी एक हाक पुंजाने दिली असती, तर त्या दोघांनी दातांनी बर्फ उकरलं असतं. पण तो खाली अंधारात, तोंड मिटून, जे सांगायचं ते आमच्या रीतीने नीट सांगत राहिला. वर कोणी ऐकणारा आहे असंच धरून.

परतीच्या वाटेवर रघुने एकच ठरवलं. कमूला हे कळू द्यायचं नाही. नवरा गेला एवढं पुरे आहे. तो टांगलेला होता, बोलावत होता आणि त्याला सोडून सगळे निघून आले, हे घेऊन बाई कशी जगेल? भेगेत पडला, जागच्या जागी गेला, कळलंसुद्धा नाही. रेल्वेत, कसाऱ्याच्या वाटेवर, खोडाळ्याच्या चढावर त्याने हे वाक्य घोकलं. पाड्यात शिरल्यावर त्याने तेच सांगितलं आणि एकदाही अडखळला नाही. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती, लोक ती बघत राहिले.

कमूने बांगड्या फोडल्या. देह नव्हता, म्हणून गवताचा पुतळा करून जाळला. भगताने म्हणायचं ते म्हटलं. दोर कोणाच्या हातात होता, हे कमूने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. रघुने खरं सांगितलं, मी आजारी पडलो, सबनीसने धरला. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर रघुला बरं वाटलं असतं. दरम्यान बिवलकर जव्हारपर्यंत येऊन गेले, कमूसाठी निरोप ठेवून गेले: पुष्कळ हाका मारल्या, खालून उत्तर आलं नाही, नुसता दोर वाऱ्याने थरथरत होता. कड्याबद्दलचा शब्दही त्यांनी पाळला होता. कड्यावरचा मध पुंजाकडेच राहणार होता.

दिवस घातले त्याच्या दुसऱ्या सकाळी कमूने रघुला बोलावणं धाडलं. येताना तिचा दोर घेऊन यायला सांगितलं. रघु गेला. ती घरात होती, दाराशी आली नाही. आतूनच म्हणाली, ओट्यावर बस, कुडाला पाठ लावून.

आमच्याकडे कुड कारवीचे, वरून शेणामातीने लिंपलेले. एका जागी लिंपण पडून भोक झालं होतं. तिथून कमूचा हात बाहेर आला, तिने दोराचं टोक घेतलं आणि आत ओढलं. बाकीचा दोर रघुच्या मांडीवर. त्याला वाटलं, तिला दोर परत हवा असेल. तो द्यायला लागला, तर आतून तो ताठ झाला. मग एक हिसका आला.

रघुची बोटं आपोआप सैल झाली. दोन हिसके आले, बोटं थांबली. इतकी वर्षं हेच केलेले हात, त्यांना कोण सांगणार की हा कडा नाही. रघुला कळलं ती काय करते आहे. उठून जावं, असं त्याला वाटलं. उठला नाही. दोर हातात असताना सोडून उठायचं नसतं.

मग बारीक बारीक हिसके येऊ लागले. लागोपाठ.

रघु ओढू लागला. हातावर हात टाकून, जीव खाऊन ओढू लागला. कमूने आत दोर खांबाला गुंडाळून धरला असावा, तो येईना. कुड वाकला, लिंपणाचे पोपडे त्याच्या पाठीवर पडले, त्याच्या काळ्या बोटांतून रक्त आलं. तो थांबला नाही आणि आतले हिसकेही थांबले नाहीत.

"दादा," कमू आतून म्हणाली. "असांच ना?"

रघुने दोर मनगटाला वेढून पुन्हा ओढला.

"असांच हालत होता ना त्यांचा दोर?"

खोटं बोलायला तोंड लागतं, आणि दोर हातात होता. तो "हां" म्हणाला.

"किती येळ?"

"ते निघाले तवाही हालतच होता."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. रघु ओढतच होता, त्याला थांबता येत नव्हतं.

"तुलाच सांगत होता तो," कमू म्हणाली, आणि तिने दोर सोडला.

कुडाच्या भोकातून तो सरसरत बाहेर आला. मोकळं टोक रघुच्या मांडीवर पडलं.